विश्लेषण : गाडीच्या एसीतून गार हवा येईना; पण खरेच ‘गॅस संपला’ आहे का?

उन्हाळा तापू लागला की गाड्यांच्या गॅरेजमध्ये एक वाक्य सतत कानावर पडते, ‘साहेब, गॅस संपलाय.’ बॉनेट उघडले जाते, नळ्या जोडल्या जातात, अर्ध्या तासात दीड-दोन हजार रुपये खिशातून जातात आणि हवा पुन्हा गार येऊ लागते. मग महिन्याभरात किंवा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. माझ्या गाडीत दोन वर्षांत असा तीनदा गॅस भरून झाला. चौथ्या वेळी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने आधी गॅस भरायलाच नकार दिला. त्याने पुढची जाळी काढली, बॅटरीचा उजेड मारला आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात खडा लागून पडलेले टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दाखवले. तीन वेळचे पैसे तिथूनच हवेत गेले होते.

‘एसी गार करत नाही’ ही तक्रार एकच असली, तरी तिच्यामागची कारणे डझनभर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कारणांचा गॅसशी संबंध नसतो. काही तर एकही पाना हातात न घेता, पाच-दहा मिनिटांत आपली आपल्याला ओळखता येतात.

गॅस ‘संपतो’ म्हणजे नेमके काय?

पेट्रोल जळते, त्यामुळे ते संपते. एसीतला गॅस जळत नाही. तोच गॅस वर्षानुवर्षे बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो.

माठातले पाणी का गार होते हे आपल्याला ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. एसीत हेच घडते, फरक एवढाच की वाफ हवेत न सोडता तिला पकडून पुन्हा द्रव केले जाते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो, तेव्हा तो तापतो. मग तो गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो आणि समोरून येणाऱ्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो ब्लोअरने ढकललेल्या हवेतून घेतो. हवा गार होते, तिच्यातली वाफ कॉइलवर जमून पाणी होते आणि गाडीखाली टपकते. उभ्या गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसले की काही जण घाबरतात. ते बिघाडाचे नाही, एसी नीट चालत असल्याचे लक्षण आहे. हेच पाणी डाव्या सीटच्या पायाशी, गालिच्यावर आले तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

छोट्या गाडीत हा गॅस साधारण अर्धा किलोच्या आसपास असतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेला असतो. गॅस कमी झाला असेल, तर तो कुठून तरी बाहेर गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. रबरी नळ्यांतून आणि सीलमधून तो वर्षानुवर्षे किंचित झिरपतो हे खरे. सात-आठ वर्षांच्या गाडीत एकदा तो कमी भरला तर त्यात नवल नाही. पण दर उन्हाळ्यात गॅस भरणे याला देखभाल म्हणता येत नाही. ती न शोधलेली गळती आहे.

गॅरेजला जाण्याआधी काय पाहावे?

आधी साध्या गोष्टी. एसीचे बटण चुकून बंद झाले आहे का, तापमानाची खुंटी लाल बाजूला सरकली आहे का, हवा आतल्या आत फिरवणारे बटण चालू आहे का? बाहेर ४२ अंश असताना बाहेरची हवा सतत आत घेतली, तर धडधाकट एसीही हरतो. काही गाड्यांत ‘इको’ मोडवर कूलिंग मुद्दाम कमी ठेवलेले असते. सिग्नलला आपोआप बंद होणारे इंजिन असेल, तर इंजिनबरोबर कॉम्प्रेसरही थांबतो आणि ब्लोअर नुसताच वारा घालत राहतो. हा बिघाड नाही. ती सोय बंद करण्याचे बटण बहुतेक गाड्यांत असते.

यानंतरचा प्रश्न सर्वांत कामाचा. हवा कमी येते आहे, की हवा भरपूर येते आहे पण गार नाही? या दोन तक्रारींचे रस्ते सुरुवातीलाच वेगळे होतात आणि गॅरेजमध्ये नेमकी इथेच गल्लत होते.

हवाच कमी येत असेल, तर पहिला संशय केबिन फिल्टरवर घ्यावा. तो बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्समागे असतो. कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला की फिल्टरची फट दिसते. धुळीच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या किंवा झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर बाहेर काढलात, तर आपण इतके दिवस कशातून श्वास घेत होतो, असा प्रश्न पडेल. फिल्टर गॅस भरण्यापेक्षा खूप स्वस्त आहे आणि तो घरच्या घरी बदलता येतो. काही जुन्या किंवा अगदी प्राथमिक मॉडेलमध्ये फिल्टरच दिलेला नसतो, तेव्हा सगळी धूळ थेट कॉइलवर बसते. ब्लोअर पहिल्या तीन नंबरवर मुका आणि फक्त शेवटच्यावर चालत असेल, तर दोष सहसा त्याच्या रेझिस्टरमध्ये असतो. तो छोटा भाग आहे, त्यासाठी अख्खा ब्लोअर बदलू देऊ नये.

आणखी एक फसवे लक्षण आहे. निघताना हवा छान गार, तास-दीड तासाने हवेचा जोर कमी होत होत जवळजवळ बंद. मग कुठे तरी चहाला थांबलो, परत आलो, तर पुन्हा सगळे ठीक! ही कूलिंग कॉइल गोठल्याची खूण आहे. तिच्यावर बर्फ धरतो आणि हवेची वाट अडते. खात्री करायची असेल, तर एसीचे बटण बंद करून फक्त ब्लोअर १० ते १५ मिनिटे चालू ठेवावा. हवा पुन्हा मोकळी झाली आणि गाडीखाली भरपूर पाणी आले, तर निदान पक्के. तुंबलेला फिल्टर, कॉइलचे तापमान मोजणारा बिघडलेला सेन्सर, कधी एक्सपान्शन व्हॉल्व्ह, तर कधी थोडा कमी झालेला गॅस, ही त्यामागची कारणे. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत बर्फ वितळलेला असतो, त्यामुळे ‘काहीच प्रॉब्लेम नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून किती वेळाने हवा कमी झाली हे लक्षात ठेवून सांगावे.

हवा जोरात येते, पण कोमट. मग?

ती कधी कोमट असते, यावर सगळे आहे. वाहतूक कोंडीत गाडी उभी असताना कोमट आणि हायवेला लागल्यावर गार, अशी तऱ्हा असेल, तर गॅसकडे जाण्याआधी पुढचा पंखा पाहावा. गाडी पळत असताना समोरून येणारा वारा कंडेन्सर थंड करतो. ती थांबली की सगळी भिस्त पंख्यावर असते. इंजिन चालू ठेवून एसी लावावा, बॉनेट उघडून दुरूनच पाहावे. थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. ओढणी, टाय, हात आणि मुले दूर ठेवावीत, कारण विजेवरचा पंखा न सांगता सुरू होतो. हा पंखा बहुतेक गाड्यांत रेडिएटरलाही थंड करतो. म्हणजे सिग्नलला कोमट झालेला एसी ही पुढे इंजिन तापण्याची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी डोळा तापमानाच्या काट्यावर असावा.

पंखा ठीक असेल, तर कंडेन्सरची जाळी पाहावी. पावसाळ्यातला चिखल, उसाच्या वाहतुकीच्या रस्त्यावरची पाचट, किडे आणि धूळ मिळून तिच्यावर थर बसतो. साध्या नळाच्या पाण्याने तो हळूहळू धुता येतो. सर्व्हिस स्टेशनचा जोरदार फवारा जवळून मारला, तर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

उलटे घडत असेल, म्हणजे सपाटीवर गार आणि घाट चढताना कोमट, तर इंजिनवरचा भार हे कारण असू शकते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की अनेक गाड्यांचा संगणक काही क्षण कॉम्प्रेसर सोडून देतो. तेवढे चालते. पण इंजिन जास्त तापले तरीही तो कॉम्प्रेसर बंद ठेवतो. कसारा किंवा खंबाटकी चढताना एसी गेला आणि परत आलाच नाही, तर एसीला शिव्या देण्याआधी काटा पाहावा आणि तो वर गेला असेल तर गाडी बाजूला घ्यावी.

डावीकडे गार आणि उजवीकडे कोमट येत असेल, तर डॅशबोर्डमध्ये कान लावून ऐकावे. टिक-टिक असा आवाज म्हणजे हवेची झडप फिरवणारी छोटी मोटर बिघडली असावी. गरम-गार मिसळणारी झडप अर्ध्यात अडकली, तर गॅस कितीही भरा, हवा कोमटच. आवाज नसेल, तर मात्र गॅसचा संशय घेण्यास जागा आहे. गॅस कमी पडला की कॉइलचा एक भाग गार राहतो आणि दुसरा कोरडा पडतो.

आणि हवा सदासर्वकाळ कोमटच असेल तर? इंजिन चालू असताना एसीचे बटण दाबावे. बहुतेक गाड्यांत ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिनचा सूर किंचित बदलतो. तो कॉम्प्रेसरचा क्लच जोडला गेल्याचा आवाज. काही नव्या गाड्यांत क्लच नसतोच, त्यामुळे आवाज नाही म्हणजे बिघाडच असे समजू नये. क्लच असून तो जोडला जात नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले तपासावेत. पावसाळ्यात उबेला येऊन वायर कुरतडणारे उंदीर हे आपल्याकडचे अगदी खरे कारण आहे. या रांगेत प्रेशर स्विचही आहे. गॅस फारच कमी झाला की तो कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही, कारण कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नाही म्हणजे तेल नाही. वायर जोडून हा स्विच ‘बायपास’ करून देणारे महाभाग भेटतात. तसे केल्यास काही दिवसांत कॉम्प्रेसर जाम होऊ शकतो आणि त्याची धातूची भुकटी सगळ्या नळ्यांत पसरते. मग खर्च कित्येक पटींनी वाढतो.

गळती शोधतात कशी?

गॅस दिसत नाही, पण त्याच्याबरोबर आलेले तेल दिसते. नळीच्या सांध्यावर किंवा कंडेन्सरच्या जाळीवर धूळ चिकटलेला तेलकट डाग हा पहिला पुरावा. त्यानंतर रिकाम्या यंत्रणेत नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याचे फुगे पाहतात, किंवा गॅसबरोबर रंग सोडून अतिनील दिव्याखाली तो कुठे चमकतो हे शोधतात. गॅस हुंगणारे इलेक्ट्रॉनिक यंत्रही असते. खड्याने फुटलेला कंडेन्सर, सांध्यातली सुकलेली ओ-रिंग, गॅस भरायच्या व्हॉल्व्हची पिन आणि कॉम्प्रेसरचे सील या नेहमीच्या जागा. पिन गळत असेल, तर काम किरकोळ असते.

सर्वांत त्रासाची गळती कूलिंग कॉइलची. ती डॅशबोर्डमागे दडलेली असते, त्यामुळे बाहेर डाग दिसत नाही आणि बदलताना बहुधा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. भागापेक्षा मजुरी मोठी असते. म्हणूनच ‘कॉइल गेली’ असे कुणी म्हटले, तर ते कशावरून ठरवले हे विचारावे आणि बाकीच्या जागा तपासल्याचे पाहावे.

काट्यावर ‘गॅस फुल’ दिसतो, तरी विश्वास का ठेवू नये?

इंजिन बंद असताना गेज लावून ‘बघा, १०० दाखवतोय, गॅस भरलेला आहे’ असे सांगितले जाते. बंद यंत्रणेत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असला, तरी दाब तापमानावरच ठरतो. ३० अंशांना आर-१३४एचा दाब सुमारे १०० पीएसआय असतो, मग आत २०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम. घरच्या गॅस सिलिंडरचेही तसेच, तो संपत आला तरी शेगडी तितक्याच जोरात पेटते. त्यामुळे या आकड्यावरून गॅस किती आहे हे कळत नाही, अगदीच संपला नाही एवढे कळते.

एसी चालू असतानाचे दोन काटे जास्त बोलतात. ३०-३५ अंशांच्या हवेत कमी दाबाचा काटा साधारण ३० ते ४५ आणि जास्त दाबाचा २०० ते २५० पीएसआयच्या दरम्यान असतो. उन्हाच्या तडाख्यात दोन्ही आणखी वर जातात. दोन्ही काटे खाली असतील, तर गॅस कमी. दोन्ही फार वर असतील, तर गॅस जास्त झाला आहे किंवा कंडेन्सर थंड होत नाही. कमी दाबाचा वर आणि जास्त दाबाचा खाली, तर कॉम्प्रेसर दमला आहे. जास्त गॅस भरला तर जास्त गार होईल, हा समज चुकीचा आहे. उलट कूलिंग घटते आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

बरोबर पद्धत अशी : उरलेला गॅस यंत्रात काढून घ्यायचा, गळती दुरुस्त करायची, २० ते ३० मिनिटे व्हॅक्यूम मारायचा, पंप बंद करून काटा जागेवर टिकतो का ते पाहायचे आणि मग स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून गॅस सोडायचा. व्हॅक्यूम टाळला, तर आत राहिलेली हवा कूलिंग कमी करते. ओल राहिली, तर ती एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते, शिवाय तेलाशी मिळून आम्ल तयार करते. हाताला गार लागेपर्यंत भरत राहायचे, ही पद्धत घाईच्या दुपारी सोयीची वाटते, पण तिच्यात वजन कुणालाच माहीत नसते.

गळती आपोआप बंद करणाऱ्या ‘औषधा’च्या बाटल्याही मिळतात. त्या कधी छिद्राऐवजी व्हॉल्व्हच बुजवतात आणि पुढच्या गॅरेजच्या यंत्रातही अडकतात. अगदी स्वस्त गॅसपासूनही लांब राहावे. त्यात ज्वालाग्राही वायूची भेसळ असेल, तर गळती थेट बंद गाडीच्या आत होऊ शकते. घरी नळ्या खोलण्याचा प्रयोगही नको. द्रव गॅस अंगावर उडाला की कातडी गोठते, डोळ्यात गेला तर इजा गंभीर असते.

हवेत सुटलेल्या गॅसचे पुढे काय होते?

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. ओझोनचा नाश करणाऱ्या जुन्या आर-१२ची जागा त्याने घेतली ती १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर. पण पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानली जाते. एका छोट्या गाडीतला अर्धा किलो गॅस गळून गेला, तर तो सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा झाला. म्हणून युरोपात २०१७पासून नव्या मोटारींत तो चालत नाही, तिथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ वापरतात. या वर्गातले वायू कमी करण्याच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. ग्राहकापुरता मुद्दा इतकाच की स्टिकरवर जो गॅस लिहिला आहे, तोच भरला पाहिजे. दोन्हींची भेसळ चालत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत तर जास्तच जपावे. तिथला कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, नारिंगी वायरला हात लावायचा नाही. त्याला लागणारे तेलही वेगळे असते. नेहमीच्या गाडीचे तेल त्यात मिसळले, तर विजेचे संरक्षण कमकुवत होते. अनेक मॉडेलमध्ये हीच यंत्रणा बॅटरीही थंड ठेवते, त्यामुळे कोमट हवेची तक्रार पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

प्रवासात मधेच एसी गेला तर?

मे महिन्यात अकोला-नागपूरच्या रस्त्यावर मागच्या सीटवर आजी आणि लहान मूल असताना हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. काचा उघडाव्यात, पाणी जवळ ठेवावे, भर दुपारचे दोन-तीन तास सावलीत थांबून काढावेत आणि कुणालाही बंद गाडीत बसवून ‘आलोच’ म्हणत जाऊ नये. उन्हात उभ्या गाडीत काही मिनिटांतच धोकादायक उष्णता होते. कॉम्प्रेसरकडून खरखर किंवा जळका वास येत असेल, तर एसी लगेच बंद करावा. त्याचा पट्टा अनेक गाड्यांत अल्टरनेटरही फिरवतो. तो तुटला तर गाडी रस्त्यातच उभी राहते.

पावसाळ्यात एसीचे काम वेगळे असते. तो हवेतली ओल काढतो, म्हणून समोरच्या काचेवरचे धुके झटकन जाते. घाटात धो-धो पाऊस आणि आतून धुकटलेली काच हा अनुभव घेतलेला माणूस एसीला चैन म्हणणार नाही. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे तो चालवावा, म्हणजे तेल फिरते आणि सील सुकत नाहीत.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गॅस भरा’ असे सांगू नये. त्याऐवजी ‘उभी असताना कोमट, पळताना गार’ किंवा ‘तासाभराने हवा कमी होते’ असे लक्षण सांगावे. किती गॅस निघाला आणि किती भरला, हे ग्रॅममध्ये बिलावर लिहून घ्यावे. माझ्या गाडीचा कंडेन्सर बदलल्यानंतर त्या गॅरेजवाल्याने स्वयंपाकघरातला थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचला. बाहेर ३६ अंश, आत ९. त्या आकड्याचा फोटो मी फोनमध्ये ठेवला आहे. दर मार्चमध्ये तसाच थर्मामीटर लावून ताडून पाहतो.